एकाहत्तर ग्रॅम

कलावती गेली त्या दिवशी सकाळी मी हॉस्पिटलमागच्या धर्मशाळेत अंडी सोलत होतो. तीन उकडली होती. नऊ दिवस ती अतिदक्षता विभागात होती आणि नाकातल्या नळीतून तिला दूध देत होते. आदल्या दिवशी सिस्टर म्हणाल्या होत्या, "ताप उतरला तर उद्या नळी काढू. तोंडानं काही देऊन बघू." म्हणून मी लवकर उठून अंडी उकडली.

वॉर्डातला मामा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"बनकर काका, वर बोलावलंय."

"एवढं एक सोलतो आणि येतो."

"आत्ताच या."

तो माझ्याकडं बघत नव्हता, अंड्यांकडं बघत होता. मी हात पुसले.

वर डॉक्टर कामत दाराबाहेर उभ्या होत्या. त्या कधी एका जागी उभ्या दिसायच्या नाहीत, सारख्या चालत असायच्या.

"बसा, काका."

"बसत नाही. काय झालं?"

"पंधरा मिनिटांपूर्वी गेल्या. आम्ही खूप प्रयत्न केले."

"आज नळी काढणार होता," मी म्हणालो.

"हो."

मी बसलो. त्याही शेजारी बसल्या. मग त्या म्हणाल्या, "मला एक कळत नाही. तुम्ही रोज सत्तर ग्रॅम देत होता. वाढायला हवं होतं हो. का वाढलं नाही?"

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. सत्तर ग्रॅम म्हणजे काय, ते सांगतो.

आमचं घर फलटणजवळ. मी पाटबंधारे खात्यात कालव्यावर चौकीदार होतो. दार किती उघडलं, पट्टीवर पाणी किती चढलं, हे दर सहा तासांनी वहीत लिहायचं. दारातून किती सुटलं ते लिहायचं. पुढं कुणाच्या शेतात किती पोचलं ते बघणं माझ्याकडं नव्हतं. एकतीस वर्षांत माझ्या वहीत साहेबांना एक खाडाखोड सापडली नाही. आम्हाला मूलबाळ नव्हतं. मी निवृत्त झालो आणि आम्ही दोघं घरात राहू लागलो.

ती पडली ती स्वयंपाकघरात. गॅसची टाकी सरकवत होती, पाय अडकला. मी बाहेरून आलो तर ती ओट्याला पाठ लावून जमिनीवर बसलेली.

"काय झालं गं?"

"काही नाही. कळ आलीय. भाकरी गार होतीय, तुम्ही जेवून घ्या आधी."

मी जेवलो. ती तशीच बसून होती, मला हवं-नको विचारत होती. मी ताट उचललं तेव्हा म्हणाली, "आता जरा हात द्या." हात दिला तर ती ओरडली. बेचाळीस वर्षांत मी तिला तसं ओरडलेलं ऐकलं नव्हतं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. साताऱ्याला नेलं. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, सळई बसवली. नीट झालं म्हणाले. पण दहाव्या दिवशी जखमेतून पाणी यायला लागलं. पुन्हा आत नेऊन साफ केलं, तरी टाके धरेनात. तेव्हा डॉक्टर कामत पहिल्यांदा माझ्याशी निवांत बोलल्या.

"काका, हाड मोडलं की शरीराला दोन कामं लागतात. हाड सांधायचं आणि जंतूंशी लढायचं. दोन्हीला प्रथिनं लागतात. तुम्ही बाहेरून दिली नाहीत तर शरीर अंगातलं मांस मोडून घेतं. तेही संपलं की लढाईच थांबते. काकूंच्या रक्तात अल्ब्युमिन नावाचं एक प्रथिन आहे, ते चार तरी हवं. त्यांचं दोन पूर्णांक चार आहे. तीनच्या वर गेलं की मी जखम पुन्हा उघडून कायमची शिवते. तोवर हात लावण्यात अर्थ नाही. धरणारच नाही."

"आणि नाही गेलं तर?"

"जंतू रक्तात गेले तर अवघड आहे. म्हणून आता तुमचं काम माझ्यापेक्षा मोठं. दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम प्रथिन पोटात गेलं पाहिजे."

एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सात, पावडरीच्या दोन चमच्यांत दहा, मटकीच्या वाटीत सात. त्यांनी कागदावर लिहून दिलं. मग म्हणाल्या, "मी यावरच अभ्यास करतेय. हाड मोडलेली साठ म्हातारी माणसं. दर आठवड्याला रक्त तपासायचं, रोज काय खाल्लं ते लिहायचं. काकूंना त्यात घेऊ का? लिहिणारं माणूसच मिळत नाही मला."

"लिहायचं काम माझ्याकडं लागलं," मी म्हणालो. त्याच दिवशी शंभर पानी वही आणली आणि पट्टीनं रकाने आखले.

मी आयुष्यात चहासुद्धा केला नव्हता. धर्मशाळेत गॅस होता, भांडी मिळायची. पहिल्या दिवशी मटकी केली. तिनं एक घास घेतला आणि माझ्याकडं बघितलं.

"मटकीत मीठ घातलंय का मिठात मटकी घातलीय?"

"उद्या कमी घालतो."

"हात दाखवा."

"काही नाही. वाफ लागली."

"म्हातारपणी मला सून मिळाली," ती शेजारच्या खाटेवरच्या पोरीला म्हणाली, "पण मेली धांदरट निघाली."

ती पोरगी तोंडावर पदर घेऊन हसली. तिचं नाव ठकू. धनगराची. वय पंचविशीचं. मेंढरं घेऊन रस्त्यानं जाताना टेम्पोनं उडवलं, नडगीचं हाड मोडून बाहेर आलं होतं. तिची माणसं मेंढरांबरोबर कोकणात उतरली होती. मेंढरं सोडून कोण थांबणार? नवरा पंधरा दिवसांतून एकदा येऊन जायचा. हॉस्पिटलचं ताट यायचं तेवढंच तिला. ते ती पाच मिनिटांत संपवायची आणि मग खिडकीकडं तोंड करून पडायची.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कलावती मला म्हणाली, "तुम्ही ताट ठेवा आणि बाहेर जा बरं. असं समोर बसून बघत राहिलात तर मला घास उतरत नाही."

"मी कुठं बघतोय?"

"बघताय की. मास्तर पेपरावर बसल्यासारखं. जा, पाय मोकळे करा."

मला त्यात वावगं वाटलं नाही. आमच्याकडं बायका मागून जेवतात. लग्न झाल्यापासून मी जेवून उठायचो आणि ओसरीवर जायचो, मग ती आत जेवायची. ती किती भाकरी खाते, तिला तिखट लागतं का कमी, हे मी कधी बघितलं नव्हतं. मी व्हरांड्यात जाऊन उभा राहायचो. खाली स्कूटरी लावलेल्या असायच्या, त्या बघायचो. पंधरा मिनिटांनी आत यायचो.

एके दिवशी आत आलो तर अर्धंअधिक ताट तसंच होतं. दोन अंडी, वाटीभर मटकी, दुधावर साय धरलेली.

"हे काय?"

"नाही जात हो. तोंडाला चवच नाही. वास आला तरी पोटात ढवळतं."

मी चिडलो. वॉर्डात सगळ्यांसमोर बोललो. "मी तिकडं पहाटे उठून हात भाजून घेतोय ते काय हौस म्हणून? डॉक्टर सांगतात ते काय येडे म्हणून? तुला बरंच व्हायचं नाही. तसं सांग, मी जातो घरी."

मी ताट उचलून निघून आलो. त्या दिवशी दुपारी आणि संध्याकाळी मी वर गेलो नाही. मामाच्या हाती डबा पाठवला, तोही अर्धा परत आला. वहीत त्या दिवसापुढं एकोणतीस लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताट रिकामं झालं. दुपारीही. संध्याकाळी तर पेल्यात थेंब नव्हता.

"झालं समाधान?" ती म्हणाली.

"असं रोज खा."

"खाते. तुम्ही चिडू नका म्हणजे झालं. तुम्ही चिडून गेलात की मला इथं करमत नाही."

त्या दिवशी मी वहीत एकाहत्तर लिहिलं. ती पंधरा दिवस पुढं त्या खाटेवर होती. पंधरा दिवसांत आकडा कधी सत्तरच्या खाली गेला नाही. अंडी तीन, दूध दोन पेले, पावडर चार चमचे, मटकी नाहीतर मूग दोन वाट्या, वर पोळी-भात. मला स्वयंपाकही जमायला लागला होता. ताट धुताना मला बरं वाटायचं.

पण जखम भरेना. रक्ताचा रिपोर्ट आला, दोन पूर्णांक तीन. पुढच्या आठवड्यात दोन पूर्णांक एक. तिचे दंड सैल पडले होते, बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. मी त्या हातानं खाली ओढून ठेवायचो.

डॉक्टर कामत वही घेऊन खिडकीपाशी उभ्या राहिल्या. पानं उलटून बघितली.

"काका, नक्की खातात ना त्या?"

"ताट मी स्वतः धुतो, डॉक्टर. दाणा उरत नाही."

"इतकं खाऊन खाली कसं येतंय?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग वही मिटून माझ्या हातात दिली. "एवढी नीट वही माझ्याकडं दुसऱ्या कुणाची नाही. बाकीचे लिहितात, जेवण ठीक. ठीक म्हणजे काय?"

मला अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू? बायको वाळत चालली होती आणि वहीची तारीफ ऐकून मला अभिमान वाटला. मी वॉर्डात जाऊन कलावतीला ते सांगितलंसुद्धा.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माझ्यासारखी वही कुणाची नाही."

ती माझ्याकडं बघत राहिली. काहीतरी बोलणार होती असं मला आता वाटतं. तेव्हा ठकू पलीकडून खोकली आणि ती म्हणाली, "तुमची वही चांगलीच असायची. सगळं खातं म्हणायचं."

दोन दिवसांनी तिला हुडहुडी भरून ताप आला. जंतू रक्तात गेले होते. तिला वर हलवलं. स्ट्रेचर निघालं तेव्हा ठकू एका पायावर उभी राहून खाटेचा दांडा धरून बघत होती. मी बरोबर गेलो. वरती मला आत सोडायचे नाहीत. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं. नवव्या दिवशी ती गेली.

दहावा झाला. तेरावा झाला. माणसं आली तशी गेली. मग एका गुरुवारी मी वही घेऊन साताऱ्याला गेलो. डॉक्टरांनी फोन करून मागितली होती.

त्यांनी मला बसवलं, चहा मागवला. वहीचं पान न् पान बघितलं. त्यांच्या टेबलावर कलावतीच्या रक्ताचे सगळे कागद होते, ते एकाखाली एक लावले.

"काका, मी खूप विचार केला. आधी मला वाटलं खाणंच कमी पडलं. बहुतेकांचं तेच असतं. पण तुमची वही सांगते तसं नव्हतं. मार लागल्यावर काही जणांच्या रक्तात दुसरीच काही प्रथिनं वाढतात, ती लढणाऱ्या पेशींना दाबून धरतात. मग कितीही खाऊ घाला, अंगी लागत नाही. काकूंचं तसं झालं असणार. साठ जणांत खाणं पुरेसं असून खाली गेलेल्या त्या एकट्याच आहेत."

"म्हणजे खाण्याचं काही..."

"नाही. खाण्यात दोष नव्हता. तुम्ही कणभर कमी पडला नाहीत."

तिच्या मातीला मी रडलो नव्हतो. तिथं रडलो. डॉक्टरांनी पाणी पुढं केलं, दार लोटून घेतलं. बऱ्याच वेळानं मी डोळे पुसून उठलो. वही त्यांच्याकडंच ठेवली. जिना उतरताना मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटात भूक जाणवली.

खाली प्लास्टरच्या खोलीबाहेर बाकावर ठकू बसली होती. मला बघून ती काठी टेकत उठली. दोन्ही पायांवर उभी होती. गाल भरले होते.

"बाबा! वळखलं न्हाई व्हय?"

"ओळखलं की. चालायला लागलीस?"

"तर! आज पलस्तर काढलं. डाक्टर म्हनले, लई झाक सांधलंय, तुझं हाड लवकर धरलं. म्या म्हनलं, आमच्या आजीची किरपा हाय." ती वाकून माझ्या पाया पडली. "आजी कुटं हायत? घरी न्हेलं का?"

"आजीची कसली कृपा?"

ती हसली. इकडंतिकडं बघितलं आणि आवाज बारीक केला.

"आता सांगाय हरकत न्हाई. तुमी रागवू नका बरं, बाबा. त्यास्नी जातच नव्हतं. भाताचं दोन घास खायच्या, लई झालं तर दुधाचा घोट. तुमी भाईर गेला की ताट माझ्याकडं सरकवायच्या. म्हनायच्या, ठके, खा लवकर, त्यो मानूस यायच्या आत खा. परत गेलं तर चिडतोय आन् मंग येतच न्हाई इकडं. म्या पयल्यांदा नगं म्हनलं. तर म्हनल्या, त्येनं हात भाजून केलंय, टाकायचं व्हय? दोन हाडं मोडलीत हितं, तुझं न्हाई तर माझं, एक तरी सांधू दे."

"रोज?"

"रोज की. अंडी, दूध, समदं. माझ्या आयनं कधी असं चारलं न्हाई मला." ती माझ्या तोंडाकडं बघत थांबली. "रागावला व्हय? आजीनं शपथ घातली हुती, बोलायचं न्हाई म्हून."

"नाही रागावलो."

"मंग आजी बऱ्या हायत न्हवं?"

तिचा नवरा पिवळा फेटा बांधून दारात उभा राहिला होता. तिला हाका मारत होता. ती काठी घेऊन, पाय आपटत, जमिनीवर नीट उभी होती.

"बरी आहे," मी म्हणालो. "घरी आहे."

"माझं नाव सांगा. म्हनावं, ठकी चालत गेली."

"सांगतो."

ती गेली. मी त्या बाकावर बसलो. डॉक्टर कामतांची खोली एका जिन्यावर होती. अठरा पायऱ्या. वही अजून त्यांच्या टेबलावर उघडीच असेल. वर जाऊन एवढंच म्हणायचं होतं, की मी ताटात वाढलेलं लिहिलं, पोटात गेलेलं लिहिलं नाही. तिचं रक्त नियमाप्रमाणंच वागलं. तिला उपास घडत होता आणि मी बाहेर उभा राहून स्कूटरी बघत होतो. घास उतरत नाही हे तिला एकाच माणसाला सांगायचं होतं आणि त्या माणसाला राग येत होता. पहिल्याच दिवशी कळलं असतं तर त्यांनी तेव्हाच नळी घातली असती, सलाईनमधून काहीतरी दिलं असतं. काहीतरी झालं असतं. नसतंही झालं.

मी उठलो. जिन्यापाशी गेलो. कठड्यावर हात ठेवला. वरून डॉक्टरांचा आवाज येत होता, कुणाला तरी सांगत होत्या, "थोडं थोडं द्या, पण दिवसातून सहा वेळा द्या." तुम्ही कणभर कमी पडला नाहीत असं मला म्हणून त्यांना अर्धा तासही झाला नव्हता. ते वाक्य मला परत द्यायचं नव्हतं. मी वळलो, रिक्षा केली आणि स्टँडवर जाऊन फलटणची गाडी पकडली.

घरी येऊन चूल-गॅस काही पेटवलं नाही. दुसऱ्या दिवशी भाकरी थापायला घेतली. आता रोज करतो. वेळेवर जेवतो. शेजारची बाई म्हणते, बनकर तात्या, एकट्यापुरतं करायचा कंटाळा कसा येत नाही तुम्हाला? येतो. पण करतो.

दोन वर्षांनी टपालानं एक छापील पुस्तिका आली. डॉक्टर कामतांनी पाठवली होती. सगळी इंग्रजीत. वर पेनानं लिहिलं होतं, "बनकर काकांना, ज्यांच्या वहीवाचून हे झालं नसतं." आतमध्ये एक तक्ता होता. नावं नव्हती, नुसते क्रमांक. सतराव्या क्रमांकापुढं वय अडुसष्ट, स्त्री, आणि पुढच्या रकान्यात एकाहत्तर. तो आकडा मला वाचता आला. त्याच्याखाली त्यांनी अर्धं पान त्या एका बाईवर लिहिलं आहे. हायस्कूलच्या मास्तरांकडून मी ते वाचून घेतलं. पुरेसा आहार मिळूनही, असं तिथं दोनदा आलं आहे.

डॉक्टर आता पुण्याला असतात, मुलांना शिकवतात. दिवाळीला फोन करतात. मागच्या वर्षी म्हणाल्या, "काका, काकूंची केस मी दर वर्षी वर्गात सांगते. खाणं नीट असलं तरी प्रतिकारशक्ती खाली जाऊ शकते, हे मुलांना त्यावरून कळतं."

"बरं," मी म्हणालो. "तब्येत कशी आहे तुमची?"

त्या नंबराला मी तीन वेळा आपणहून फोन लावला आहे. तिन्ही वेळा त्यांनी उचलला आणि मी तब्येत विचारून ठेवला. वहीतले आकडे खरे नाहीत, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.